मधली भिंत कुणाच्या भरवशावर पाडता?

प्रश्न : ताई, बाळीवेशीत आमचं आजोबांच्या काळचं घर आहे. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. मधली भिंत काढून हॉल मोठा करायचा आणि वर मुलासाठी दोन खोल्या चढवायच्या, असा विचार आहे. मिस्त्री म्हणतात, जुन्या घराला परवानगी लागत नाही. घरात वयस्कर आई आहे. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, गिलावा, रंग, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीपुरतं मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे. तुम्ही मात्र मजला चढवताय. 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार त्याला महापालिकेची परवानगी लागतेच. विनापरवाना बांधलंत तर पाडायची नोटीस येऊ शकते.

मला जास्त काळजी त्या भिंतीची आहे. आपल्या पेठांमधल्या अशा भिंतींना दोन्ही अंगांनी दगड असतो आणि पोटात माती नि चिपा. दोन्ही अंगं बांधून धरणारे लांब दगड बहुधा कमीच. त्यात माळवदावर वर्षानुवर्षं माती टाकलेली, म्हणजे डोक्यावर केवढा भार! 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं झोपेतल्या माणसांवर बसली. किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही.

आज संध्याकाळी एवढं बघा : माळवदाच्या तुळयांची टोकं मधल्या भिंतीवर टेकलीत का? टेकली असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं घर पाहिल्याशिवाय तिला छिन्नीही लावू देऊ नका. भिंतीत भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं घट्ट बसवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली, की भिंत अजून हलतेय असं समजा. शेजाऱ्यांची भिंत सामायिक असेल तर त्यांनाही आधीच सांगा, त्यांच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

माझं स्पष्ट मत : या भिंतींवर मजला चढवू नका. वर खोल्या हव्याच असतील तर स्वतंत्र पायाचे आरसीसी कॉलम घ्या, नाहीतर घर उतरवून नव्यानं बांधा. दोन्हींचा नकाशा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडूनच दाखल होतो. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्या, बऱ्याच जणांचं काम तिथेच अडतं. भुईकोट किल्ल्यापासून घर 300 मीटरच्या आत येत असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियमही लागू होतात, आणि पहिल्या 100 मीटरमध्ये तर नवं बांधकाम करताच येत नाही.

वर गॅलरी बाहेर काढून बांधणार असाल तर समोरच्या विजेच्या तारांपासून आडवं अंतर निदान 1.2 मीटर सुटलंच पाहिजे. परांची बांधतानाही लोखंडी पाइप तारांकडे जाऊ देऊ नका.

उतरवण्याचं काम पावसाळ्यात काढू नका, भिजलेली माती दगड धरत नाही. आणि टेकू लावायला सुरुवात होण्याआधी आईंना नातेवाइकांकडे राहायला पाठवा. 'एका खोलीत राहतील, दुसरीत काम चालेल' हे या घरात चालणार नाही.