मुलगी म्हणते, ज्वालामुखींवर लक्ष ठेवायचंय. जाऊ द्यावं का?

करिअरच्या समुपदेशनात ‘जिवावर बेतेल’ ही काळजी घेऊन येणारे पालक मला नवे नाहीत. गिर्यारोहण, वैमानिकाचं प्रशिक्षण, युद्धवार्तांकन. मुलानं नुसतं नाव काढलं तरी घरात दोन तट पडतात आणि माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत दोन्ही बाजू भांडून दमलेल्या असतात. ज्वालामुखींवर देखरेख ठेवणारी भूवैज्ञानिक व्हायचंय, असं म्हणणारी मुलगी मात्र माझ्यापुढे पहिल्यांदाच बसली होती. पदवीला कोणता विषय घ्यायचा एवढंच ठरायचं होतं, पण तेवढ्यावरून घरात अबोला सुरू झाला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडिलांनी आल्या आल्या मोबाइल पुढे केला. चंदेरी सूट घातलेला एक माणूस वाहत्या लाव्हाच्या कडेला वाकून नमुना घेत होता. “हे हिला करायचंय. आता तुम्हीच सांगा.” आई गप्प होती. मुलगी वैतागून खिडकीबाहेर बघत होती.

मी धोक्याची बाजू झाकत नाही. झाकली की पालकांचा विश्वास उडतो आणि पुढचं सगळं बोलणं फुकट जातं. म्हणून आधी सरळ मेलेल्यांचीच नावं घेतली. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स फुटला, तेव्हा डेव्हिड जॉन्स्टन हा ३० वर्षांचा ज्वालामुखीतज्ज्ञ डोंगरापासून सुमारे १० किलोमीटरवरच्या चौकीत निरीक्षण करत होता. डोंगराची उत्तरेकडची बाजूच ढासळली आणि स्फोट वर जायच्याऐवजी आडवा आला. त्या दिवशी ५७ माणसं गेली, त्यात तोही. जपानमधल्या उन्झेनवर ३ जून १९९१ रोजी तप्त राख आणि वायूचा लोट उतरला, त्यात ४३ जण गेले. फ्रान्सचे मोरीस आणि कातिया क्राफ्ट हे दांपत्य आणि हॅरी ग्लिकन हे त्यांतलेच. सेंट हेलेन्सच्या त्याच चौकीवर आधी ग्लिकन होता, जॉन्स्टन त्याच्या जागी आला होता. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातल्या गालेरासच्या विवरात शास्त्रज्ञांचा गट उतरलेला असताना स्फोट झाला. ६ शास्त्रज्ञ आणि ३ पर्यटक दगावले.

“बघा!” वडील म्हणाले. जिंकल्यासारखेच.

मी मुलीला विचारलं, यात तुला काय दिसतं? ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. म्हणाली, “सगळे खूप जवळ होते.” बरोबर होतं तिचं. या अपघातांनंतर ज्वालामुखीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सुरक्षेच्या शिफारशी काढल्या: विवराजवळ कमीत कमी माणसं, कमीत कमी वेळ, हेल्मेट, गॅसचा मुखवटा, ज्वालामुखीवर देखरेख ठेवणाऱ्या वेधशाळेशी सतत संपर्क. त्याहून मोठा फरक उपकरणांनी पाडला. आज डोंगरावर भूकंपमापक बसतो, जमीन किती मिलिमीटर फुगली हे जीपीएस सांगतं, उपग्रहाचं रडार तेच वरून मोजतं, आणि बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड दूरवरून प्रकाशाच्या साहाय्यानं मोजता येतो. माणसाचे बहुतेक दिवस पडद्यासमोर जातात.

हे ऐकून वडिलांचा सूर क्षणात पालटला. “म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या?” मला हसू आवरलं नाही. तासाभरापूर्वी जीवघेणं वाटणारं काम त्यांना आता बैठं वाटायला लागलं होतं!

खरं सांगायचं तर दोन्ही चित्रं अपुरी आहेत. डोंगरावर जावं लागतंच. बॅटरी बसते, सौर पॅनल राखेनं किंवा बर्फानं झाकलं जातं, केबल उंदीर कुरतडतात, आणि ऐन अशांत काळात नेमकं महत्त्वाचं स्टेशन बंद पडतं. मग पाठीवर बॅटरी घेऊन चढणारी माणसं लागतात. निसरडी चढण, बदलतं हवामान, खोलगट जागेत साचणारा कार्बन डायऑक्साइड हेही खरे धोके आहेत. लाव्हापेक्षा त्यांचीच गाठ जास्त वेळा पडते, फक्त त्यांचे व्हिडिओ कुणी बघत नाही.

अशा वेळी मी मुलांच्या आवडीची परीक्षा घेते. ज्वालामुखी आवडणं सोपं आहे, कुणालाही आवडतो. शांत ज्वालामुखी आवडतो का, हे बघावं लागतं. जगात सुमारे १,३५० ज्वालामुखी जागे होऊ शकणाऱ्यांत मोजतात आणि त्यातले बहुसंख्य आत्ता काहीही करत नाहीत. देखरेख करणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा भाग या ‘काहीही नाही’त जातो. अनेक वेधशाळा आपले भूकंपालेख इंटरनेटवर थेट दाखवतात. मी तिला त्यातला एक ज्वालामुखी निवडायला सांगितला. काही आठवडे रोज थोडा वेळ आलेख बघायचा आणि वहीत लिहायचं: वेळ, काय दिसलं, कशामुळे असेल.

ती वही मी आजही इतरांना उदाहरण म्हणून सांगते. पहिल्या पानांवर ‘काही नाही’, ‘काही नाही’, मग नुसत्या दोन रेघा. आता सोडणार, असं वाटत असतानाच एक पान गच्च भरलेलं. रात्रभर आलेखाची रेघ जाड झाली होती, सगळ्या स्टेशनांवर. तिनं कुठंतरी वाचलं होतं की शिलारस आणि वायू हलायला लागले की अशी अखंड थरथर उमटते. तिनं घरातल्या सगळ्यांना उठवलं! वडील डोळे चोळत आले आणि त्यांनी विचारलं, “तिथं वारा किती आहे?” तिथलं हवामान बघितलं तर वादळ चालू होतं. डोंगरापासून लांबच्या स्टेशनावरही तीच जाड रेघ होती, किंबहुना अधिक जाड. तिनं ‘उद्रेक?’ हा शब्द खोडून शेजारी ‘वारा’ लिहिलं. पुढं एक मोठा झटका सगळीकडं जवळपास एकाच वेळी आला, तेव्हा ती घाईला आली नाही. जागतिक भूकंपांची यादी उघडली. हजारो किलोमीटरवरचा भूकंप होता.

वेधशाळेतल्या ड्यूटीवरच्या माणसाचं निम्मं काम हेच. वारा, लाटा, हिमकडे, हेलिकॉप्टर, दूरचे भूकंप बाजूला काढायचे आणि उरलेल्यात डोंगराचा आवाज शोधायचा. वही बघून मला तिच्या चिकाटीची खात्री पटली. दुसऱ्या गोष्टीची पटली नव्हती, आणि माझ्या मते या पेशात तीच जास्त कठीण असते.

मी तिला विचारलं, “समजा तू ड्यूटीवर आहेस. भूकंप वाढलेत, गॅस वाढलाय, पण फुटेलच असं नाही. लोकांना घरं सोडायला सांगावं लागेल. कधी बोलशील?”

“पक्कं कळल्यावर.”

या उत्तरावर आम्ही एक अख्खी भेट घालवली. फिलिपाइन्समधल्या पिनातुबोचं उदाहरण घेतलं, कारण ते टप्प्याटप्प्यानं उलगडतं. १९९१ च्या एप्रिलमध्ये डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. सुमारे ५०० वर्षं झोपलेला ज्वालामुखी, आजूबाजूला प्रचंड वस्ती. फिलिपाइन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी घाईनं उपकरणं लावली. १३ मे रोजी सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे ५०० टन निघत होता, २८ मे रोजी ५,००० टनांच्या वर गेला. मग तो एकदम घटला. हे चांगलं लक्षण की वाईट? वाट मोकळी झाली, की आत बूच बसलं? दोन्ही अर्थ लागत होते. त्यांनी बूच बसल्याचा अर्थ लावला. इशाऱ्याच्या पाच पातळ्या आखलेल्या होत्या. ५ जूनला तिसरी, म्हणजे दोन आठवड्यांत मोठा उद्रेक शक्य. ७ जूनला चौथी, म्हणजे २४ तासांत शक्य. ९ जूनला पाचवी, उद्रेक सुरू. १५ जूनला विसाव्या शतकातला सर्वांत मोठ्यांपैकी एक उद्रेक झाला. हजारो माणसं त्याआधीच बाहेर पडली होती.

‘पक्कं’ कुठल्या तारखेला कळलं असतं, ते मी तिला दाखवायला सांगितलं. तिनं बोट १५ वर ठेवलं आणि काही बोलली नाही.

त्या मोहिमेतली आणखी एक गोष्ट वडिलांसाठी सांगितली. लोकांना आणि अधिकाऱ्यांना धोका पटावा म्हणून पिनातुबोच्या परिसरात तप्त लोट आणि राखचिखलाचे लोंढे कसे येतात याची एक चित्रफीत दाखवत होते. ती मोरीस क्राफ्टनं तयार केली होती. उन्झेनवर त्याचा मृत्यू झाला, त्याच दिवसांत त्याची दृश्यं बघून इथली माणसं घरं सोडत होती. यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्याकडून काही वदवून घेतलं नाही.

पण इशारा दिला आणि डोंगर फुटलाच नाही तर? तेही घडलं आहे. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ला सुफ्रिएर हा ज्वालामुखी धुमसू लागला. ७०,००० हून अधिक लोकांना कित्येक महिने घराबाहेर काढलं आणि अपेक्षित मोठा उद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञांमध्ये जाहीर भांडणं झाली, लोक चिडले. उलट १९८५ मध्ये कोलंबियातल्या नेवादो देल रुइसच्या धोक्याचा नकाशा ऑक्टोबरातच तयार होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेक झाला, तोही मोठा नव्हता, पण शिखरावरचं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा निघाला आणि सुमारे अडीच तासांनी ७४ किलोमीटरवरच्या आर्मेरो गावावर आला. तिथल्या बळींसह सुमारे २३,००० माणसं गेली. अडीच तास होते, नकाशा होता, गाव हललं नाही.

मुलगी हळूच म्हणाली, “लाव्हाची भीती नव्हती वाटली. याची वाटते.”

मला ती भीती रास्त वाटते. किंबहुना जिला ती वाटलीच नसती तिला मी या कामाची शिफारस केली नसती. पण ती एकटीनं वाहायची नसते, हेही सांगायला हवं होतं. वेधशाळेत निर्णय गटानं होतात. कॅरिबियनमधल्याच माँटसेरात बेटावर १९९५ पासून जागा झालेल्या सुफ्रिएर हिल्स या ज्वालामुखीसाठी वेगवेगळ्या तज्ज्ञांचे अंदाज पद्धतशीर गोळा करून शक्यता टक्क्यांत मांडण्याची रीत वापरली गेली. शास्त्रज्ञ शक्यता सांगतात, गाव रिकामं करायचं की नाही हे सहसा नागरी प्रशासन ठरवतं. कामांची ही वाटणी कागदावर स्वच्छ असते, रात्री दोन वाजता फोनवर तेवढी राहत नाही. म्हणून बोलायला शिकणं हासुद्धा या अभ्यासाचा भाग धरायचा: ठाऊक नसलेलं न लपवता, कळेल अशा भाषेत, गर्दीसमोर. तिला वक्तृत्वाचा तिटकारा होता. त्यावर काम करावं लागणार होतं.

एव्हाना आईनं तोंड उघडलं. “जीव सांभाळेल ती. पण पोटापाण्याचं काय?”

तिन्ही प्रश्नांत हा सर्वांत कमी नाट्यमय आणि सर्वांत खरा. ज्वालामुखी वेधशाळा जगात मोजक्या आहेत. पदं थोडी, उमेदवार पुष्कळ. बऱ्याच वेधशाळा सरकारी असल्यानं कायम पदं अनेक ठिकाणी त्या देशाच्या नागरिकांनाच मिळतात. पीएच.डी.नंतरही वर्षा-दोन वर्षांच्या करारांवर देशोदेशी फिरावं लागू शकतं. हे मी गोड करून सांगितलं नाही. पंचविशी-तिशीतली अस्थिरता सोसायची तयारी आहे का, हा घरानं मिळून विचारायचा प्रश्न आहे.

मात्र त्याच कौशल्यांना दुसरी दारंही असतात. भूकंपालेख वाचणारी व्यक्ती भूकंपशास्त्रात जाते, उपग्रहाच्या रडारनं जमिनीची हालचाल मोजणारी दरडी आणि खचणाऱ्या जमिनीवर काम करते, खडक आणि गरम पाणी समजणारी भूऔष्णिक ऊर्जेत. विमानवाहतूकही आहे. १९८२ मध्ये इंडोनेशियातल्या गालुंगुंगच्या राखेत शिरून ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली आणि विमान उतरलं. आज ज्वालामुखीच्या राखेचा इशारा विमानांना देणारी नऊ केंद्रं जगभर काम करतात. आईनं हे सगळं वहीत लिहून घेतलं, आणि ‘भूऔष्णिक’ला दोनदा अधोरेखित केलं.

आमचं ठरलं ते असं. पदवीला भूविज्ञान, जोडीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडायचं नाही, आणि प्रोग्रामिंग पहिल्या वर्षापासून. आजच्या वेधशाळेत त्याशिवाय पान हलत नाही. पदवीनंतर पुन्हा बसून बघायचं. तोवर कुठलंच दार बंद होत नाही.

वडिलांना मुलीकडून लेखी हवं होतं की ती कधीच डोंगरावर जाणार नाही. ते मी होऊ दिलं नाही. फील्डवर्कशिवाय भूविज्ञानाची पदवी होत नाही, आणि असं वचन दिलं तर ती पुढं जाईल तेव्हा घरी सांगणार नाही, एवढंच होईल. त्याऐवजी कुठं जातेय, कुणाबरोबर, परतायची वेळ काय आणि उशीर झाला तर कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक वेळी घरी सांगून जायचं असं मुलीनंच सुचवलं. वडील थोडे कुरकुरले, मग त्यांनी विचारलं की पहिलं फील्डवर्क साधारण केव्हा असतं.

“बहुतेक पहिल्याच वर्षी,” मी म्हटलं.