शाफ्ट खांद्यापाशीच का तुटतो?

प्रश्न : मकरपुऱ्यातील आमच्या कारखान्यात ५० मिमीवरून ४० मिमीवर उतरणारा फिरता शाफ्ट नेमका खांद्यापाशीच, म्हणजे व्यास एकदम बदलतो त्या पायरीपाशीच तुटला. तेथील ताणाचा अंदाज कसा घ्यावा?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : प्रथम लहान, म्हणजे ४० मिमी व्यासावरचा वाकण्याचा साधा ताण काढावा आणि त्याला ताण-केंद्रीकरण गुणांकाने, म्हणजे कोपऱ्यात ताण किती पट वाढतो ते सांगणाऱ्या आकड्याने गुणावे. खांद्याच्या आतल्या कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या २ मिमी असल्यास तिचे लहान व्यासाशी प्रमाण ०.०५ येते व गुणांक सुमारे १.९ भरतो, त्रिज्या ४ मिमी केल्यास तो १.६ च्या आसपास उतरतो. बेअरिंग खांद्याला नीट टेकावे म्हणून टर्नर कोपरा टोकदार सोडतात, ही सवय आमच्या मते महागात पडते, कारण प्रत्येक फेऱ्यात ताण उलटत राहून चीर तेथूनच वाढते. त्यापेक्षा बेअरिंग व खांद्याच्या मध्ये आतून उतार दिलेले कडे घालून गोलाई राखावी. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वलयरेषा दिसल्यास कारण धातूचा थकवाच, म्हणजे वारंवार उलटणाऱ्या ताणाने चीर हळूहळू वाढून तुटणे समजावे.