ट्यूनर काळी चार दाखवतो म्हणून तबल्याचा दायां ठोकू नका

"काळी एकचा दायां घेतला, पण मोबाइलवरचा ट्यूनर दर आघाताला वेगळंच दाखवतो, मग हा सूर की नुसता आवाज?" हे तुमचं वाचलं आणि मला माझ्या दायांची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, फाटलेली पुडी (वरचं कातडं) आठवली. काळी एक, काळी चार म्हणजे पेटीच्या पहिल्या, चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. हातोडी, गजरा (पुडीच्या कडेची वेणी), गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देते.

साध्या ताणलेल्या कातड्यात मूळ कंपनाबरोबर त्याच्या सुमारे 1.59 पट, 2.14 पट अशी एकमेकांशी न जुळणारी कंपनं उठतात. कान त्यातून सूर काढू शकत नाही, नुसतं ‘थड’ ऐकू येतं. शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या थराच्या, वजनाने हीच कंपनं 2, 3, 4, 5 पटींच्या जवळ येतात आणि कातडं गायला लागतं. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच यावर लिहिलंय.

आता माझी चूक. ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते, त्याने मूळ कंपन दबतं. उरतं ते मुख्यतः दुसरं आणि तिसरं. दुसरं हा आपला सा, तिसरं त्याचा पंचम. ट्यूनर कधी हे पकडतो, कधी ते. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि मला सारखी तीच दिसायची. मी समजले, दायां उतरलाय. तीन दिवस गजरा वरून ठोकत राहिले आणि चौथ्या दिवशी किनारीपाशी पुडी फाटली. जिथून घेतला त्या दुकानात आधी दोनदा फोन केला होता. वाद्य न बघताच "ट्यूनर दाखवतो ते खरं, चढवा" म्हणाले. नव्या पुडीचे पैसे मात्र पुरते घेतले. एकाने जरी ‘ना’ ऐकून घेतला असता! अजून राग येतो.

माझं मत ठाम आहे: ट्यूनर बंद करा, तानपुरा लावा. एका घरावर (घर म्हणजे पुडीच्या कडेचा एक भाग) ‘ना’, मग समोरच्या घरावर, अशी सोळाही घरं फिरा. एखादं घर उतरलेलं असेल तर सूर थरथरतो. खरा दोष तो. ‘तिट’ या बोलाला सूर नसतोच, तिथे शोधू नका. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तेव्हा घाईने निकाल लावू नका. आणि हो, हाताची पावडर शाईवर साठू देऊ नका.

मी कारागीर नाही, वाजवणारी आहे. शाईचे टवके उडाले असतील तर माझं काही ऐकू नका, चांगल्या कारागिराला दाखवा. नसतील तर एकेका घरावरचा ‘ना’ तानपुऱ्यासोबत रेकॉर्ड करून इथे टाका, ऐकून सांगते.