आधी खुर्ची फूटभर सरकव

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. डॅक घ्यायचाय, म्हणजे डिजिटल गाण्याचे आकडे ॲम्पला कळेल अशा विजेच्या लहरीत बदलणारी ती डबी, ४० हजारांची. त्यातली चिप कुठली, तिचं डिस्टॉर्शन किती, म्हणजे आवाज ती किती बिघडवते, जुन्या चिपपेक्षा ती सरस का, सगळं लिहिलंयस. तो डॅक तू ऐकलास का, एवढंच कुठं दिसलं नाही. सहा महिने वाचतोयस म्हणालास, म्हणून विचारतो.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, वाळूच्या साच्यांत धातू ओतायच्या कामात, माझी उमर गेली, तुला माहीत आहेच. नवा डिप्लोमावाला आला की वाळूत ओल किती टक्के हवी ते घडाघडा सांगायचा. सांगायचा ते बरोबरच असायचं. मग आमचा मुकादम मिक्सरमधली मूठभर वाळू त्याच्या हातात द्यायचा. "दाब बघू." मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठायला हवेत आणि गोळा मधोमध मोडला की कड नीट राहायला हवी. भुगा झाला तर वाळू कोरडी, हाताला चिकटली तर ओली. पोराचा गोळा हातातच सांडायचा आणि सगळे हसायचे. पण तोच मुकादम दर पाळीला नमुना लॅबमध्येही पाठवायचा, ते कुणी ध्यानात घेत नाही. दुपारच्या वेळी घामेजलेल्या हाताला सगळीच वाळू ओली लागते, असं त्याचं म्हणणं.

आता माझी फजिती सांगतो. घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

ॲम्प (ॲम्प्लिफायर) जुना, स्पीकर नवे. आणले तेव्हापासून आवाज पातळ. डग्गा ऐकू यायचा, पण त्यात पोट नव्हतं. मी वही काढली. वायर बारीक आहे, ०.७५ चौरस मिलिमीटर. ३ मीटर जायला, ३ मीटर यायला, म्हणजे रोध ०.१४ ओहमच्या घरात. २.५ ची घातली तर ०.०४. गणित चोख होतं. ८ ओहमच्या स्पीकरपुढं हा फरक तसा किरकोळ, पण आकडा तिपटीहून जास्त उतरला याच आनंदात मी जाड वायर आणली. जोडल्यावर "आता कसं भरीव!" असं स्वतःलाच म्हणालो, आणि मला खरंच भरीव ऐकू आलं. पुढं सगळा पावसाळा तसाच गेला.

गणपतीत आमचा फौंड्रीतला पॅटर्नमेकर, साच्यांसाठी नमुने घडवणारा, घरी आला. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. चहा पिता पिता म्हणाला, "गाणारा कुठं बसलाय रे? भिंतीत काय?"

तो गेल्यावर दोन्ही स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढल्या आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर टेकवला. उजव्या स्पीकरचा पडदा पुढं आला, डाव्याचा आत गेला. एका बाजूचं लाल-काळं उलटं! एक पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोघांचे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधोमध बसलेला गायक सगळ्या खोलीभर पसरतो. बारीक वायर काढून जाड घातली तीसुद्धा मी त्याच चुकीच्या खुणेवर नेमकी जोडली होती. सेलची किंमत तेव्हा काही रुपये. वायरीची विचारू नकोस.

म्हणून तुला नुसतं "कानानं ऐक" असं मी म्हणणार नाही. माझ्याच कानानं मला "भरीव" सांगितलं होतं की. स्वतःला फसवायची वाट आधी बुजव आणि मग ऐक.

दुकानदार डॅक आठ दिवस घरी देतो म्हणालास, ते उत्तम. पहिलं काम मल्टिमीटरचं. तुझ्या जुन्या डॅकमधून समज २ व्होल्ट निघतात, नव्यातून २.१. एवढ्यानंच ०.४ डेसिबलचा फरक पडतो. तो मोठा आवाज म्हणून कळत नाही. "जास्त उघडा", "जास्त जिवंत" असा भासतो आणि माणूस खिशात हात घालतो. २०० हर्ट्झचा टोन हळू लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्ट मोज. एकाला २.०० आले तर दुसऱ्याला २.०२ च्या वर नकोत. यात आळस करशील तर पुढचं काही करूच नकोस, सरळ पैसे देऊन मोकळा हो.

मग बहिणीला मागं बसव. तिनं नाणं उडवून ठरवायचं, कुठला डॅक चालू ठेवायचा. तिचं तोंडही तुला दिसता कामा नये. तू नुसतं ऐकून ओळखायचं, कुठला चालू आहे. सोळा वेळा. बारा बरोबर आले तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे काहीतरी ऐकू येतंय. दहा आले तर मात्र हुरळून जाऊ नकोस. नुसता नाणेफेकीवर बोलणारासुद्धा पाचातून एकदा दहा किंवा जास्त आणतो.

तू लगेच २००७ चा मेयर आणि मोरन यांचा प्रयोग माझ्या तोंडावर मारशील, ठाऊक आहे. हाय-रिझोल्यूशनचा, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईनं नोंदलेला आवाज आणि तोच सीडीच्या दर्जावर उतरवलेला, यातला फरक ऐकून ओळखायचा. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणं उडवल्यासारखंच. प्रयोग मोलाचा आहे. पण तो आकडा फेकणारे मला रोज भेटतात, आणि स्वतः सोळा वेळा पाठमोरा बसलेला अजून एकही भेटला नाही. चिपची नावं पाठ करणं आणि हा आकडा पाठ करणं, यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

खरं सांगू? डॅकच्या आधी तुझी खोली बघायला हवी. दिवाळीत आलो होतो तेव्हा तुझी खुर्ची मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर होती आणि डग्गा गायब होता. मी गप्प बसलो, मग तू पाणी आणायला गेलास तेव्हा खुर्ची फूटभर मागं सरकवली. डग्गा परत आला. तू येऊन बसलास आणि म्हणालास, "काका, आज ॲम्प तापलाय वाटतं, छान वाजतोय." मी हसू दाबलं. कारण नंतर घरी काढलं. खोली बारा फूट लांब, म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर दुसरी घुमणारी लहर ९४ हर्ट्झच्या आसपास येते, आणि ती लांबीच्या पाऊण भागावर जवळजवळ नाहीशी होते. तुझी खुर्ची नेमकी तिथंच होती. गणित मला आधीही येत होतं, पण तुझ्याकडं बसल्यावर ते आठवलं नाही. आधी बूड अस्वस्थ झालं.

आणखी एक कर. मिरजेला जाऊन सतारमेकरांच्या दुकानात तासभर बस. जवारी लावताना, म्हणजे तारेला तो गुंजणारा नाद आणताना, कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, थांबतो, पुन्हा एकदा फिरवतो. खरा तंबोरा दोन हातांवरून ऐकला नसशील, तर स्पीकरमधला तुला कशाशी ताडून बघता येणार?

पुढच्या रविवारी ये. पाऊस असला तर नको, आमच्या मागच्या पत्र्यावर ताशा वाजतो. त्या दिवशी नुसते वाद घालता येतात. दोन्ही डॅक आण, बहिणीला आण, मल्टिमीटर माझ्याकडं आहे. कुंदा आणू नकोस, डॉक्टरनं साखर बंद केलीय. आणलासच तर काकूच्या हातात देऊ नकोस.

तुझा,
काका