फोन केला तर आपणच अडकू का?

प्रश्न : वकीलकाका, मी खानापूर तालुक्यातला, कॉलेजसाठी बेळगावात रूमवर राहतो. एका दोस्तानं दारूवर ट्रामाडॉलच्या, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या, गोळ्या घेतल्या, श्वास मंद झाला, ओठ निळे पडले. फोन कोण करणार यावरच आम्ही अर्धा तास भांडलो, मग त्याला रिक्षातनं दवाखान्याच्या गेटवर सोडून पळालो. तो वाचला. पण फोन केला असता तर आमच्यावर केस झाली असती का?

उत्तर : अर्धा तास! श्वास मंदावलेल्या पोराला तेवढा वेळ मिळालाच कसा, देव जाणे. फोन करणं हा गुन्हा नाही, हे आधी डोक्यात घाल. आता खरं सांगतो, अमेरिकेत न्यू मेक्सिकोनं २००७ ला, कॅनडानं २०१७ ला ओव्हरडोसमध्ये मदत मागणाऱ्याला वाचवणारा कायदा केला, तसा खास कायदा आपल्याकडं नाही. मोटार वाहन कायद्यातलं मदत करणाऱ्याला वाचवणारं १३४अ कलम फक्त रस्त्यावरच्या अपघातापुरतं.

आपल्याकडं आहे ते एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ६४अ. व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेतला तर नशा केल्याची आणि थोड्या मालाची केस त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट जाऊ शकते. आणि सूट त्याची, तुमची नव्हे, तुम्हीपण गोळ्या घेतल्या असतील तर नशा केल्याचं कलम २७ तुमच्यावर लागू शकतं, ट्रामाडॉल २०१८ पासून याच कायद्यात आहे. म्हणून वकील गाठा, पण तो दुसऱ्या दिवशी, आधी १०८.

डॉक्टर ‘पोलीस येऊ दे’ म्हणून थांबवू शकत नाहीत, आधी उपचार मग कागद, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, होईल, पोलीस विचारतील, विचारू देत. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर झोपवा, एकटा सोडू नका, उलटी काढायला जाऊ नका. काय घेतलं, किती, किती वाजता, दारू किती, सगळं खरं सांगा आणि रिकामी स्ट्रिप दाखवा, ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या औषधावर उतारा म्हणून नॅलोक्सोन इंजेक्शन असतं, पण डॉक्टरांना कळायला तर पाहिजे. ‘काहीतरी खाल्लं हो’ म्हणून चालत नाही.

आणि जबाबाचा कागद कन्नडमध्ये असला तर घाईत सही करू नका, वाचून दाखवायला सांगा, नाहीतर कन्नड येणारा दोस्त सोबत न्या, आपल्याकडं तसला एखादा प्रत्येक रूमवर असतोच की.