मोबाइल नेटवर्कची वीज नेमकी कशात खर्च होते आणि ती कमी कशी करता येईल?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अर्धा तास व्हिडिओ पाहणे म्हणजे मोटारीने सहा-साडेसहा किलोमीटर जाण्याइतके कार्बन उत्सर्जन, हे विधान महाविद्यालयातील सादरीकरणात वापरावे का, हा पहिला भाग; आणि दूरसंचार कंपन्या आपला वीजवापर व उत्सर्जन प्रत्यक्षात कसे कमी करू शकतात, हा दुसरा. मी मोबाइल टॉवरच्या वीजपुरवठ्याचे काम करतो, त्यामुळे माझा ओढा दुसऱ्या भागाकडे आहे. तरीही पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण तिथली गल्लत दूर झाल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही.

ते विधान कृपया वापरू नये. २०१९ मध्ये ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या फ्रेंच संस्थेचा हवाला देऊन अर्ध्या तासामागे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. त्या गणितात बिट आणि बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) यांची सरमिसळ झाली होती, आणि २०२० मध्ये संस्थेने स्वतःच ती दुरुस्त केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणात एका तासाच्या व्हिडिओचे उत्सर्जन जगाच्या सरासरीने सुमारे ३६ ग्रॅम येते आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पाहणाऱ्याच्या समोरच्या पडद्याचा व उपकरणांचा असतो. याचा अर्थ नेटवर्कचा वीजवापर नगण्य आहे असा मात्र नव्हे. याच संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील माहितीवहनाच्या जाळ्यांनी २६० ते ३६० अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या एक ते दीड टक्का. प्रश्न एवढाच आहे की ही वीज कशामुळे जळते, आणि एका जीबीमागे अमुक युनिट असा हिशेब मांडला की नेमके तेच झाकले जाते.

मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधली सुमारे तीन-चतुर्थांश वीज टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेत जाते. युरोपीय महासंघाच्या अर्थसाह्याने २०१० ते २०१२ या काळात झालेल्या ‘अर्थ’ नावाच्या संशोधन प्रकल्पाने या यंत्रणेचे मोजमाप करून एक साधे सूत्र दिले, ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही वापरतात. त्या काळच्या मोठ्या टॉवरवरचा २० वॅट प्रक्षेपणक्षमतेचा एक ट्रान्सीव्हर, म्हणजे संकेत पाठवणारे व घेणारे यंत्र, पूर्ण भारावर सुमारे २२४ वॅट घेतो, आणि त्यावर एकही ग्राहक नसताना १३० वॅट घेतो. पूर्ण गर्दीच्या वेळच्या जवळजवळ ६० टक्के वीज कोणीही काहीही न वापरता खर्च होते. तीन दिशांना तोंड असलेल्या आणि प्रत्येक दिशेला दोन ट्रान्सीव्हर असलेल्या टॉवरचा हिशेब केला, तर मध्यरात्री सगळे गाव झोपलेले असताना तो ७८० वॅट ओढत असतो. वेळापत्रकाप्रमाणे सुटणाऱ्या एसटीत पाच माणसे असोत की पन्नास, डिझेलमध्ये फारसा फरक पडत नाही, तसेच हे आहे. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसल्यामुळे नेटवर्कवरची डेटाची वाहतूक एकाएकी वाढली, तरी अनेक मोठ्या कंपन्यांचा वीजवापर जवळपास होता तिथेच राहिला, त्याचे कारण हेच.

त्यामुळे आपण एक व्हिडिओ कमी पाहिला म्हणून टॉवरचे मीटर हळू फिरत नाही. दीर्घकाळात परिणाम होतो, तो गर्दीच्या वेळेचा: संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांत क्षमता अपुरी पडू लागली की कंपनी नवा बँड (वेगळ्या वारंवारतेवर चालणारी रेडिओ यंत्रणा) किंवा नवा टॉवर चढवते, आणि एकदा चढवलेले यंत्र मग चोवीस तास जागे राहते. खरी बचत करायची असेल, तर या यंत्रांना काम नसताना झोपायला शिकवले पाहिजे, ही माझी ठाम धारणा आहे.

झोपण्यात अडचण कुठे येते, हे थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. ४जीची रचना अशी आहे की टॉवरला आपल्या अस्तित्वाची खूण, म्हणजे संदर्भ-संकेत, दर एका मिलिसेकंदात पाठवावाच लागतो, मग ऐकणारा कोणी असो वा नसो. त्यामुळे सर्वाधिक वीज खाणारा भाग, म्हणजे संकेताची शक्ती वाढवणारा पॉवर अॅम्प्लिफायर, क्षणभरापलीकडे बंद करताच येत नाही. ५जीच्या मानकांत ही चूक जाणीवपूर्वक टाळली आहे: तिथे टॉवरची ओळख पटवणारा संकेत सर्वसाधारणपणे २० मिलिसेकंदांनी एकदा जातो आणि गरजेप्रमाणे हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येते. मधल्या मोकळ्या काळात अॅम्प्लिफायर, आणि अंतर पुरेसे असेल तर त्याच्या मागची इतर सर्किटेही बंद ठेवता येतात. ४जीमध्येही एक उपाय आहेच. एका टॉवरवर सहसा दोन-तीन बँड असतात. रात्री वाहतूक उतरली की लांब पल्ल्याचा एक बँड चालू ठेवून क्षमतेसाठी लावलेले बाकीचे बँड संपूर्ण बंद करता येतात. वर दिलेल्या सूत्रात झोपेतला ट्रान्सीव्हर ७५ वॅट घेतो. म्हणजे सहा ट्रान्सीव्हरांचा एक बँड रोज रात्री सहा तास झोपवला, तर दोन युनिट वाचतात. वर्षाला सातशेहून अधिक युनिट, आणि भारतातील विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरले, तर एका टॉवरच्या एका बँडवर अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. आकडा किरकोळ वाटेल, पण देशात टॉवर लाखांनी मोजावे लागतात.

५जी मूळचेच मितव्ययी आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. त्याच्या मोठ्या अँटेनात ६४ पर्यंत प्रक्षेपक असतात आणि गर्दीत असे एकेक यंत्र एक किलोवॅटच्या आसपास वीज घेते. एका जीबीमागे वीज कमी लागते, हे खरेच आहे. एकूण बिल मात्र वाढते. चीनमधील लुओयांग शहरात चायना युनिकॉमने ऑगस्ट २०२० मध्ये रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत ५जीची काही यंत्रणा झोपवण्याचा निर्णय घेतला, तो विजेच्या खर्चामुळेच. ग्राहक तेव्हा थोडे असल्याने ते शक्य झाले. ग्राहक वाढल्यावर इतका सरसकट उपाय चालत नाही. प्रत्येक टॉवरची वाहतूक पाहून, शेजारचा टॉवर भार उचलू शकेल याची खात्री करून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो माणसाने नव्हे, सॉफ्टवेअरने घ्यावा लागतो. चुकीच्या वेळी बँड झोपला आणि एखाद्याचा रुग्णवाहिकेसाठी केलेला फोन लागला नाही, तर त्या बचतीला काहीही अर्थ नाही. त्यामुळे कंपन्यांचे अभियंते या बाबतीत सावध असतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे येतो: डिझेल. परदेशातील लेखांत याचा उल्लेख क्वचितच सापडेल, पण विदर्भातल्या किंवा कोकणातल्या आडबाजूच्या साइटवर उत्सर्जनाचा हिशेब इथूनच सुरू करावा लागतो. अशा साइटवर बहुधा १५ केव्हीएचा डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, असतो. त्याच्यावर सलग पडणारा भार असतो दोन-तीन किलोवॅट, म्हणजे त्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. इंजिन इतक्या हलक्या भारावर चालले, की एका लिटरमागे दोन युनिटही पदरात पडत नाहीत. धूर अधिक होतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते आणि इंजिनाचे आयुष्यही घटते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे अशी वीज युनिटला १.३ किलोच्या वर जाते, महावितरणच्या तारेतून येणाऱ्या विजेच्या जवळजवळ दुप्पट.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि तो चालतो. लाइट गेली की डीजीने थेट टॉवर चालवायचा नाही. टॉवर बॅटरीवर चालू द्यायचा, आणि बॅटरी उतरली की डीजी थोडा वेळ भरपूर भारावर चालवून ती भरून घ्यायची व त्याला बंद करायचे. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांना भरायला आठ-दहा तास लागत, त्यामुळे डीजीही तितका वेळ चालत राही. लिथियम बॅटरी दोन-तीन तासांत भरते, आणि डीजीचे तास त्याच प्रमाणात घटतात. सोबत सौर पॅनल असतील, तर उन्हाळ्यात कित्येक दिवस डीजी सुरूच करावा लागत नाही. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीच्या पट्ट्यात पॅनलवर भिस्त ठेवता येत नाही आणि लाइट जाण्याचे प्रमाणही तेव्हाच वाढते, म्हणून तिथे बॅटरी मोठी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लिथियमचा दुसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही. जुन्या साइटवर विटांची किंवा पत्र्याची बंद शेल्टर असे आणि तिच्यात दोन एसी चालत. हे एसी रेडिओ यंत्रांसाठी लागतात, असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात ती यंत्रे चाळीस अंशांतही तग धरतात. थंडावा लागे तो शिसे-आम्लाच्या बॅटरीला, कारण २५ अंशांच्या वर तापमान आठ-दहा अंशांनी वाढले, की तिचे आयुष्य निम्म्यावर येते. बॅटरी बदलली, यंत्रे उघड्यावरच्या कॅबिनेटमध्ये आली, की एसी काढून टाकता येतो. तसेच पूर्वी रेडिओ खाली शेल्टरमध्ये आणि अँटेना वर चाळीस मीटरवर असे. मधल्या जाड फीडर केबलमध्ये निम्मी शक्ती नुसती उष्णता होऊन जात असे. आता रेडिओच अँटेनाच्या पाठीशी वर बसवतात आणि खालून फक्त फायबर व वीज जाते. ‘अर्थ’ प्रकल्पाच्या आकड्यांत एवढ्या एका बदलाने रिकाम्या ट्रान्सीव्हरचा खप १३० वरून ८४ वॅटवर आला. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही, सेवेत काही उणे होत नाही, आणि म्हणून मला ही बचत सर्वांत निर्मळ वाटते.

धोरणाबद्दल थोडक्यात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०११ मध्ये हरित दूरसंचारावर शिफारशी केल्या, आणि जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश काढले: २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील ५० टक्के व शहरांतील २० टक्के टॉवर नवीकरणीय ऊर्जा आणि ग्रिड अशा मिश्र पुरवठ्यावर आणावेत, आणि २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ व ३३ टक्के व्हावे. हेतू चांगला होता, पण पद्धतीवर माझा आक्षेप आहे. टॉवरवर चार पॅनल ठोकले की तो ‘मिश्र’ ठरतो. डिझेल किती लिटरने घटले, हे त्यातून कळत नाही. लक्ष्य लिटरमध्ये दिले असते, तर कंपन्यांनी आधी बॅटऱ्या आणि एसीकडे लक्ष दिले असते. आपल्या सादरीकरणातही एखाद्या कंपनीचा दावा तपासताना टक्केवारीपेक्षा वर्षाचे एकूण युनिट आणि एकूण लिटर शोधावेत, कारण एका जीबीमागचा वापर दरवर्षी घटतोच. भारतात एक ग्राहक महिन्याला सरासरी २० जीबीहून अधिक डेटा वापरू लागला आहे, त्यामुळे भागाकार कितीही देखणा आला, तरी बेरीज वाढलेली असू शकते.

घरगुती इंटरनेटच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. फायबरच्या जोडणीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत मधले विभाजक वीज वापरतच नाहीत. एका प्रकाशझोताचे काचेच्या एका छोट्या तुकड्यातून ३२ किंवा ६४ वाटे होतात. तांब्याच्या तारांवर हेच काम वीज खाणाऱ्या यंत्रांना करावे लागे. स्पेनमध्ये टेलिफोनिकाने आपली तांब्याची एक्स्चेंज टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यामागे देखभालीइतकेच विजेचेही गणित होते. म्हणून घरी फायबर असेल, तर मोठे व्हिडिओ वाय-फायवर पाहणे हे मोबाइल डेटावर पाहण्यापेक्षा केव्हाही बरे.

फायबरच्या जाळ्यात उरलेला खप मग बराचसा आपल्या भिंतीवरच असतो. राउटर आणि त्याच्या शेजारचा फायबरचा डबा मिळून साधारण १० वॅट घेतात आणि तेही टॉवरसारखेच रात्रंदिवस जागे असतात. वर्षाला ८७-८८ युनिट, म्हणजे सुमारे ६० किलो कार्बन डायऑक्साइड. रात्री सात तास ते बंद ठेवले, तर २५ युनिट वाचतात. त्या जोडणीवर घरचा दूरध्वनी चालत असेल, किंवा घरात आजारी अथवा वृद्ध व्यक्ती असेल, तर ते चालूच ठेवावेत; अन्यथा साधा प्लग टायमर बसवला, तरी रोज लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही.