रानघोड्यांचा संसार आणि गवताचा हिशेब

गेल्या महिन्यात या सदरात अमेरिकेतल्या मस्टँग, म्हणजे तिथल्या रानघोड्यांबद्दल लिहिलं होतं. सरकार त्यांना हेलिकॉप्टरने हाकून कुंपणात कोंडतं, त्यावर मी म्हटलं होतं की घोडे कमी करणं मला पटतं, ही रीत पटत नाही. दोन्ही बाजूंच्या वाचकांनी मला झोडपलं. एका गटाला मी निर्दय वाटलो, दुसऱ्याला हळवा. त्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो.

ठाण्याहून एक वाचक विचारतात: तुम्ही सारखं ‘घोड्यांचं कुटुंब’ म्हणता. पशुवैद्यकाने असं बोलावं का? कळप म्हणा की सरळ!

कळप म्हणून चालत नाही, कारण कळप वेगळा आणि कुटुंब वेगळं. डोंगरावर दीडशे घोडे असतील तर तो कळप. त्यात वीस-पंचवीस छोटी कुटुंबं असतात: एक घोडा, दोन-चार घोड्या आणि त्यांची शिंगरं. गायी-म्हशींच्या कळपात अशी चूल वेगळी मांडलेली दिसत नाही. रानघोड्यांत एकेक कुटुंब वर्षानुवर्षं टिकतं. दहा कुटुंबं एकाच पाणवठ्यावर आली तरी जाताना प्रत्येक घोडी आपल्याच माणसांबरोबर जाते. (‘माणसांबरोबर’ हे चुकून लिहिलं, पण राहू देतो.)

मुलगे आणि मुली दोघंही दोन-तीन वर्षांचे झाले की घर सोडतात. घोडी माजावर येऊ लागली की बापाच्या कुटुंबात सहसा राहत नाही, दुसऱ्या घोड्याकडे जाते. तरुण घोड्यांना बाप हुसकावतो किंवा ते आपणच निघतात, आणि मग पाच-सहा बिनलग्नाच्यांची टोळी करून हिंडतात. दिवसभर लुटुपुटूची मारामारी. पाचव्या-सहाव्या वर्षी अंगात बळ आलं की कुणाची तरी घोडी पळवण्याचा खटाटोप सुरू.

मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवर प्रायर पर्वत आहे. तिथे १९६८ पासून रानघोड्यांसाठी राखीव क्षेत्र आहे. एका जुलैत मी वरच्या कुरणांवर गेलो होतो. सावलीच्या घळीत अजून बर्फाचा पट्टा होता आणि माश्यांपासून सुटका म्हणून एक कुटुंब त्यावर उभं होतं. समंद, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाची घोडी, पाठीवर काळी रेघ, पायांवर झेब्र्यासारखे फिकट पट्टे. तिच्या पोटाशी चिकटून शिंगरू. तिथे शंभर फुटांच्या आत जायचं नाही असा नियम आहे, म्हणून दुर्बिणीतून बघत होतो. तेवढ्यात खालून दुसरा घोडा आला. या कुटुंबाचा घोडा पुढे गेला. दोघं नाकाला नाक लावून फुरफुरले, एक किंकाळी, पुढचा पाय आपटला. मग पाहुण्याने जवळच्या लिदीच्या ढिगाचा वास घेतला, त्यावर लीद टाकली. घरधन्याने त्याचा वास घेतला आणि वर आपली टाकली. संपलं भांडण. पाहुणा आला तसा गेला. परत येताना घरधन्याने मान जमिनीलगत नेली, कान मागे पाडले आणि सापासारखी मान हलवत घोड्यांना चार पावलं पुढे हाकललं. उगाच. त्या गेल्याही चार पावलं, आणि पुन्हा बर्फावर येऊन उभ्या राहिल्या.

आता पशुवैद्यकाच्या भाषेत. न्यूझीलंडच्या कायमानावा भागातल्या रानघोड्यांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकमेकींशी रक्ताचं नातं नसलेल्या, पण मैत्री घट्ट असलेल्या घोड्यांची शिंगरं जास्त जगतात आणि घोड्याचा जाच त्यांना कमी होतो, असं त्यात दिसलं. तेव्हा कुटुंब हा शब्द मी सोडणार नाही.

नागपूरहून एक निवृत्त शिक्षक: हे घोडे स्पॅनिश लोकांनी नेले ना? मग पळून गेलेल्या पाळीव जनावरांना ‘वन्य’ कसं म्हणायचं?

सर, वादाचं मूळच हे आहे. घोड्याचं कुळ उत्तर अमेरिकेतच कोट्यवधी वर्षं वाढलं, तिथून आशियात आलं आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी अमेरिकेतून नाहीसं झालं. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. पुढे सुटलेले, चोरलेले, सोडून दिलेले घोडे वाढत गेले. त्यात सैन्याचे आले, शेतकऱ्यांचे आले. म्हणून एक बाजू म्हणते ‘परके’, दुसरी म्हणते ‘माहेरी परतलेले’.

माहेरच्या युक्तिवादावर माझा फारसा जीव नाही. दहा हजार वर्षांत ते घर बदललं. शिंगरं खाणारे मोठे शिकारी बरेचसे गेले, कुरणांना कुंपणं पडली. पण म्हणून या घोड्यांना भटक्या गाढवाच्या भावात काढणंही चूक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कुणी दाणा घातलेला नाही.

अस्सल रानघोडा बघायचा असेल तर मंगोलियातला ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्की घोडा. त्याची गुणसूत्रं ६६, आपल्या घोड्याची ६४. १९६९ नंतर तो रानात दिसलाच नाही. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांची पैदास करून १९९२ पासून पुन्हा सोडला. आणि गंमत पाहा, २०१८ साली जनुकांवरून असं मांडलं गेलं की हाही पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी कझाकस्तानात माणसाळवलेल्या घोड्यांचा वंशज असावा. त्यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही.

फलटणजवळून एक मेंढपाळ तरुण: कायद्याने संरक्षण आहे म्हणता, मग सरकारच पकडतं कसं? आणि मेंढरं-गुरं चारणाऱ्यांचं काय?

तुमच्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

१९५० च्या सुमारास नेवाडात व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाईंनी रस्त्यावर एका ट्रकमधून रक्त ठिबकताना पाहिलं. पाठलाग केला तर आत रानघोडे कोंबलेले, कत्तलीसाठी चाललेले. त्या काळी विमानं आणि मोटारी मागे लावून घोडे पकडत. या सेक्रेटरीबाईंनी रान उठवलं. लोक त्यांना हिणवून ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणत, त्यांनी तेच नाव मिरवलं. शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ मध्ये मोटारी-विमानांनी शिकारीवर बंदी आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये मुख्य कायदा झाला. सरकारी जमिनीवरच्या रानघोड्यांना आणि रानगाढवांना पकडणं, डागणं, छळणं, मारणं गुन्हा ठरला.

पण त्याच कायद्याने सरकारवर जमिनीचा समतोल राखण्याचीही जबाबदारी टाकली. ‘जादा’ घोडे काढायचे. किती म्हणजे जादा, इथेच घोडं पेंड खातं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं म्हणतं, आमच्या जमिनीवर घोडे आणि रानगाढवं मिळून साधारण २५ ते २७ हजारांपर्यंत ठीक. प्रत्यक्षात २०२० साली सुमारे ९५,००० होते, २०२५ मध्ये ७३,००० च्या आसपास. गुराख्यांना वाटतं घोडे फार, घोडेप्रेमींना वाटतं हा आकडाच गुरांच्या सोयीने काढलेला.

घोडेप्रेमींच्या म्हणण्यात दम आहे. खात्याच्या जमिनीपैकी सुमारे १५.५ कोटी एकरांवर गुरं-मेंढ्या चरायची परवानगी आहे, घोड्यांच्या वाट्याला अडीच ते पावणेतीन कोटी एकर, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी गुरं आहेतच. एका गायीची वासरासह महिन्याची चराई बरीच वर्षं १.३५ डॉलर होती. खासगी कुरणाच्या भाड्यापुढे हे काहीच नाही.

पण गुराखीही खोटं बोलत नाही. गुरं हंगाम संपला की हलवता येतात, घोडे बारा महिने तिथेच. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे पोट भरायला त्याला चारा जास्त लागतो. वरचे आणि खालचे पुढचे दात दोन्ही असल्याने तो गवत मुळापर्यंत कुरतडतो. कोरड्या मुलखात झऱ्यावर घोडे उभे असले की हरणं लांब ताटकळत राहतात. तुम्ही पावसाळ्यात कोकणातून घाटावर येता, दिवाळीनंतर पुन्हा उतरता. रानाला दम खायला मिळतो. त्या घोड्यांचं हे रहाटगाडगं कुंपणांनी थांबवलं आहे.

आणि वाढ? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१३ च्या अहवालानुसार वर्षाला पंधरा ते वीस टक्के. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: घोडे पकडून नेले की उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि पैदास जोमाने चालू राहते. म्हणजे पकडण्यानेच पुढच्या पकडण्याची सोय होते.

पकडलेले जातात कुठे? साठ हजारांहून अधिक घोडे सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत पोसले जातात. २०२३ साली नुसत्या या पोसण्यावर १० कोटी डॉलरहून जास्त गेले. पकडल्यावर घोडे एका वाड्यात, घोड्या दुसऱ्या वाड्यात. कुंपणापलीकडून खिंकाळत राहतात. मी या रीतीला नावं ठेवतो ती इथे.

नाशिकहून एक विद्यार्थिनी: मग संततिनियमनाची लस का देत नाहीत? तिने कुटुंब मोडत नाही का?

देतात, पण हात आखडून. लसीचं नाव पीझेडपी. डुकरिणीच्या अंडाशयातल्या एका प्रथिनापासून बनते. ती टोचली की घोडीचं शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती तिच्या स्वतःच्या बीजालाही चिकटतात आणि शुक्राणू आत शिरत नाही. बंदुकीतून छोटी सुई मारून दुरूनच देता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲसाटीग बेटावर १९८८ पासून संशोधक डॉ. कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तिचे प्रयोग केले आणि मेरीलँडच्या बाजूच्या कळपाची संख्या हळूहळू खाली आली. हेलिकॉप्टर नाही, कोंडवाडा नाही. बाळंतपणं टळल्यामुळे तिथल्या घोड्या अधिक वर्षं जगू लागल्या.

तुझी शंका मात्र बरोबर आहे. गाभ राहत नाही म्हणून घोडी पुन्हापुन्हा माजावर येते, घोड्याचा पिच्छा वाढतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या शॅकलफर्ड बँक्स बेटावर दिसलं की लस दिलेल्या घोड्या कुटुंब जास्त वेळा बदलतात. शिवाय साधारण दरवर्षी परत टोचावी लागते. बेटावर प्रत्येक घोडी तोंडओळखीची, तिथे जमतं. नेवाडात माणसाची चाहूल लागली की घोडे मैलभर लांब, तिथे कठीण. तरीही कुटुंब थोडं डळमळणं आणि कायमचं तुटणं यांत मी पहिलं निवडीन. कळप शंभराचा असतानाच सुई सुरू करायला हवी होती. हजार झाल्यावर बंदूक शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं, दुसरं काय.

ऑस्टिन, टेक्सासहून एक वाचक: मुलगी मागे लागली आहे. मस्टँग दत्तक घ्यावा का?

मुलगी किती वर्षांची आहे आणि तुम्हाला घोडा किती कळतो, हे पत्रात नाही. न हाताळलेल्या घोड्याची फी साधारण १२५ डॉलरपासून आहे, ते सोपं. पण मोठ्या रानघोड्याला प्रत्येकी निदान ४०० चौरस फुटांचा वाडा आणि सहा फुटी भक्कम कुंपण लागतं. काटेरी तार चालत नाही. घोडा तीस वर्षं जगू शकतो. पहिल्या वर्षी मालकी सरकारचीच राहते. पहिलाच घोडा असेल तर माणसाळवलेला, खोगीर घातलेला घ्या. २०१९ पासून काही वर्षं सरकार दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देत होतं आणि त्यातले काही घोडे पुढे कत्तलीच्या बाजारात निघाले, असं २०२१ मध्ये उघड झालं. त्यामुळे तुमच्यासारखी चौकशी करणारी माणसं हवीच आहेत. घाई मात्र नको.

मेलबर्नहून: आमच्याकडे तर कोसियुस्को उद्यानात हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. तुम्ही त्याचंही समर्थन करणार?

तुम्ही मला कात्रीत पकडलंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उद्यानात सुमारे १८,८०० ब्रंबी, म्हणजे तिथले रानघोडे, असल्याचा अंदाज होता. ऑस्ट्रेलियात घोडा कधी नव्हताच, तिथलं रान टापेखाली वाढलेलं नाही. त्या डोंगरातल्या शेवाळी दलदलीत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कोरोबोरी बेडूक राहतो. घोड्यांनी ती दलदल तुडवली की त्याला दुसरं घर नाही. २०१८ च्या कायद्याने ब्रंबींना वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे संख्या वाढू दिली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हवाई गोळीबाराला परवानगी द्यावी लागली. उद्दिष्ट जून २०२७ पर्यंत संख्या ३,००० पर्यंत खाली आणण्याचं. नेमबाज तयारीचा असेल तर गोळी ही लांबच्या ट्रकप्रवासापेक्षा कमी यातनेची असते, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. बघवत नाही, हेही खरं.

साताऱ्याहून: भारतात रानघोडे आहेत का?

आहेत, थोडे. आसामात तिनसुकियाजवळ दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानातल्या नदीच्या बेटांवर घोडे राहतात. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने मागे सोडलेल्या घोड्यांचे ते वंशज, असं मानतात. मूळचे पाळीव म्हणून वन्यजीव कायद्याच्या यादीत घोड्याला जागा नाही. उद्यानात आहेत म्हणून आडोसा, एवढंच.

महाराष्ट्रात रानघोडे नाहीत. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारी भीमथडी तट्टं आहेत, २०२४ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. लहानपणी आमच्या शेतात मेंढ्या बसायच्या तेव्हा पुढच्या पायांना पायबंद घातलेलं असं एक तट्टू टुणटुण उड्या मारत बांधाबांधाने चरताना मी तासन्‌तास बघायचो. घोड्यांचा नाद तिथे लागला.

घोड्याच्या कुळातलं आपलं खरं वन्य जनावर म्हणजे कच्छच्या छोट्या रणातलं खूर, रानगाढव. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२४ च्या गणनेत साडेसात हजारांवर भरलं. आणि ठाण्याच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, खुराला असं कुटुंब नसतं. नर आपला टापू राखत एकटा उभा. माद्या आज इथे, उद्या तिथे, आजची सोबत उद्या असेलच असं नाही. पक्कं नातं एकच, आई आणि पोर. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, हिवाळ्यात जा. पहाटे भेगाळलेल्या खाऱ्या जमिनीवर ही जोडी नजरेस पडेल, आणि बाप कुठे आहे हे शोधत बसू नका.